वाईनच्या बाटलीवर किंमत कोण लिहितं?

(या भागाचं लिखित रूप. ऐकताना सुटलेली नावं, वर्षं आणि आकडे इथे निवांत वाचता येतील.)

बसमध्ये असाल, लोकलमध्ये असाल, नाहीतर रात्रीची भांडी घासत असाल, इअरफोन नीट बसवा. आजचा विषय आहे वाईन. पण लगेच ‘चीअर्स’ म्हणू नका. वाईन कशी प्यावी, ग्लास कसा धरावा, कशासोबत काय खावं, यातलं आज मी काहीच सांगणार नाहीये.

आजचा प्रश्न साधा आहे. नाशिकच्या एका वायनरीत टेबलावर तीन बाटल्या होत्या. एक साडेपाचशेची, दुसरी अकराशेची, तिसरी अडीच हजारांची. तिन्हींतली द्राक्षं त्याच जिल्ह्यातली, फार तर वीस-पंचवीस किलोमीटरच्या अंतरातली. मग हा फरक कुठून आला? चवीतून? पिंपातून? करातून? की नुसता छापलाय म्हणून?

हा प्रश्न मला अभ्यासासाठी पडलेला नाही. तो आमच्या घरात पडलाय.

फोन

जानेवारीच्या शेवटी मामेभावाचा फोन आला. त्याची बाग दिंडोरी तालुक्यात आहे. सगळी खायची द्राक्षं. मागच्या दोन हंगामांत अवकाळी पावसानं मणी तडकले, निर्यातीचा माल लोकलला गेला, औषधांची उधारी वाढली. तो म्हणाला, “ताई, एका वायनरीचा करार आलाय. एक एकर वाईनची द्राक्षं लावू म्हणतो. खर्च कमी आहे. पण नाना ऐकायलाच तयार नाहीत. तू बोल ना.”

नाना म्हणजे माझे मामा. ते का ऐकत नाहीत, हे मला माहीत होतं. २००६ मध्ये मामांनी दोन एकर वाईनची द्राक्षं लावली होती आणि २०१० मध्ये स्वतःच्या हातानं तोडली होती. त्या वर्षी मी शाळेत होते. उन्हाळ्याच्या सुट्टीत गेले तर बागेच्या जागी नुसत्या तारा आणि अँगल उभे. घरात त्याबद्दल कुणी बोलत नव्हतं.

मी मामांना म्हटलं, “मामा, हो किंवा नाही म्हणायच्या आधी आपण दोन-तीन वायनरी बघून येऊ. तुमची द्राक्षं पुढे जाऊन काय होतात, ते तुम्ही कधी बघितलंच नाही ना?”

मामा माळकरी आहेत. वर्षाची वारी चुकत नाही. म्हणाले, “पोरी, मी तिथं जाऊन काय करू? गळ्यात माळ आणि हातात ग्लास?”

“तुम्ही प्यायचंच नाही. फक्त बघायचं. प्यायचं काम माझं, गाडी चालवायचं काम त्याचं.”

असे आम्ही तिघं निघालो. महिना फेब्रुवारी, म्हणजे ऐन तोडणीचा. युरोपात वाईनची द्राक्षं साधारण सप्टेंबर-ऑक्टोबरमध्ये तोडतात. आपल्याकडे एप्रिलला खरड छाटणी, ऑक्टोबरच्या सुमारास फळछाटणी, आणि जानेवारी ते मार्च तोडणी. त्यामुळे हिवाळ्यात नाशिकला गेलात तर खरं काम चालू असताना बघायला मिळतं.

वायनरींची नावं मी सांगणार नाहीये. ही जाहिरात नाही, आणि तक्रारही नाही.

चढत्या किमतीचे पाच ग्लास

पहिल्या ठिकाणी क्रेट उतरत होते. मामा सरळ क्रेटपाशी गेले, एक मणी तोंडात टाकला, बी दातांनी फोडून बघितली. म्हणाले, “बावीसच्या पुढं गेलीय साखर.” तिथल्या कामगारानं यंत्रात थेंब टाकून बघितला आणि हसून मान डोलावली.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. वाईनचं द्राक्ष आपण खातो त्या द्राक्षासारखं नसतं. मणी बारीक, साल जाड, आत बिया. आपल्या थॉम्पसनसारखं मोठं, लांबट, बिनबियांचं नाही. ते वाईनसाठी उत्तम असतं, पण बाजारात त्याला गिऱ्हाईक नाही. बेदाणाही करता येत नाही. ही गोष्ट लक्षात ठेवा, पुढे लागणार आहे.

मग टूर. पांढऱ्या वाईनसाठी द्राक्षं दाबून रस काढतात, साल बाजूला करतात आणि थंड ठेवलेल्या स्टीलच्या टाकीत तो रस आंबवतात. लाल वाईनमध्ये साल रसासोबतच राहते. रंग आणि तो तुरटपणा सालीतून येतो. शेवटी थंडगार तळघर, ओळीनं लावलेली ओकची पिंपं आणि त्यांच्यासमोर सेल्फी काढणारे लोक.

मग टेस्टिंग. आधी हलकी पांढरी, मग जरा भारी पांढरी, मग गुलाबी, मग साधी लाल, शेवटी ‘रिझर्व्ह’ लाल. याला तांत्रिक कारण आहे: भारी लाल वाईन आधी घेतली तर नंतरच्या हलक्या वाईनची चव कळत नाही. पण गंमत बघा, किमतीसुद्धा त्याच क्रमानं चढत जातात. शेवटचा ग्लास येईपर्यंत आपल्या मनात पक्कं झालेलं असतं की आता सगळ्यात भारी येणार. आणि तिथून चार पावलांवर दुकान!

मी माहिती देणाऱ्या मुलाला विचारलं, “ही अडीच हजारांची का?”

तो म्हणाला, “मॅडम, प्रीमियम आहे. किमतीवरूनच क्वालिटी कळते ना.”

मामांनी ग्लास फक्त नाकापाशी नेला होता. ते म्हणाले, “आमच्याकडं उलटं असतं भाऊ. आधी माल बघतात, मग भाव काढतात.”

मुलगा हसला. मीही हसले. पण ‘किमतीवरून क्वालिटी’ ही कल्पना त्या मुलाची नव्हतीच. वाईनच्या जगात तिला एक नेमकं वर्ष आहे. त्यासाठी आपल्याला थोडा वेळ नाशिक सोडून फ्रान्सला जावं लागेल.

१८५५: बोर्दोचे आडते

१८५५ मध्ये पॅरिसला मोठं जागतिक प्रदर्शन भरलं. सम्राट होता तिसरा नेपोलियन. फ्रान्सचं जे जे उत्तम ते जगाला दाखवायचं होतं, आणि त्यात बोर्दोची वाईन हवीच. पण बोर्दोमध्ये बागा शेकड्यांनी. कुणाला वर ठेवायचं?

बोर्दोच्या व्यापारी मंडळानं हे काम वाईनच्या दलालांवर सोपवलं. आपल्या भाषेत आडते म्हणा हवं तर. बागवाला आणि व्यापारी यांच्यामध्ये उभे राहणारे लोक. एप्रिल महिन्यात पत्र गेलं आणि दोन आठवड्यांच्या आत यादी तयार झाली. एवढ्यात शेकडो वाईन चाखून गुण द्यायचे म्हटलं तर कसं जमणार? तसं त्यांनी केलंच नाही. त्यांनी आपल्या वह्या बघितल्या. कुठल्या बागेची वाईन वर्षानुवर्षं काय भावानं विकली गेली, त्यावरून पाच वर्ग पाडले. सगळ्यात वरच्या वर्गात चारच नावं: लाफीत, लातूर, मार्गो आणि ओ-ब्रियाँ. (हो, फ्रान्समध्येही एक लातूर आहे. आपल्या लातूरशी त्याचा काही संबंध नाही!)

लाल वाईनची ती यादी आजही जवळपास तशीच चालू आहे. मोठा म्हणावा असा एकच बदल झाला: १९७३ मध्ये मूतों-रॉथशील्डला दुसऱ्या वर्गातून पहिल्यात घेतलं. दीडशेहून जास्त वर्षांत एक बढती.

आता यातली मेख बघा. दलालांनी किमतीवरून दर्जा ठरवला. मग त्या दर्जावरून पुढच्या किमती ठरू लागल्या. वरच्या वर्गातल्या बागेला जास्त पैसा मिळाला, त्या पैशातून बाग आणि तळघर सुधारलं, वाईन खरंच चांगली होत गेली आणि किंमत आणखी वाढली. म्हणजे यादी पूर्ण खोटी होती असं नाही. पण जो १८५५ मध्ये वर होता, त्याला वर राहणं सोपं झालं. जो बाहेर होता, त्याला आत यायला दारच नव्हतं.

१९७६: बाटली झाकली तर?

हे दार एका इंग्रज दुकानदारानं ढकललं. स्टीव्हन स्परियर त्याचं नाव. पॅरिसमध्ये त्याचं वाईनचं दुकान होतं. २४ मे १९७६ ला त्यानं एक टेस्टिंग ठेवलं. नऊ फ्रेंच परीक्षक, सगळे नावाजलेले. समोर फ्रान्सच्या बड्या वाईन आणि कॅलिफोर्नियाच्या वाईन. त्या काळात कॅलिफोर्नियाची वाईन म्हटलं की फ्रान्समध्ये कुणी फारसं मनावर घ्यायचं नाही. फ्रेंच बाजूला त्याच १८५५ च्या यादीतला ओ-ब्रियाँ होता, १९७३ मध्ये बढती मिळालेला मूतोंही होता.

अट एकच: लेबल दिसणार नाही, म्हणजे किंमतही दिसणार नाही.

निकाल लागला. पांढऱ्या वाईनमध्ये पहिली आली कॅलिफोर्नियाची शातो मोंतेलेना, १९७३ ची. लालमध्ये पहिली आली स्टॅग्ज लीप, तीही कॅलिफोर्नियाची आणि १९७३ चीच. सांगतात की एका परीक्षक बाईंनी आपली गुणपत्रिका परत मागितली. तिथे हजर असलेला पत्रकार एकच होता, ‘टाइम’ मासिकाचा जॉर्ज टेबर. त्यानं बातमी दिली आणि जगभर गाजावाजा झाला.

फ्रेंच म्हणाले, आमच्या लाल वाईन मुरायला वेळ लागतो, तुम्ही घाई केलीत. ठीक आहे. मग ३० वर्षांनी, २००६ मध्ये, त्याच लाल वाईन पुन्हा झाकून चाखल्या. पुन्हा कॅलिफोर्निया पहिली.

ही गोष्ट सांगताना बहुतेक जण इथं थांबतात. ‘बघा, स्वस्तानं महागाला हरवलं!’ पण पुढे काय झालं? कॅलिफोर्नियाच्या नापा खोऱ्याचं नाव झालं, जमिनीचे भाव चढले आणि त्या जिंकलेल्या वायनरींच्या बाटल्याही महाग झाल्या. म्हणजे झाकलेल्या बाटलीनं किमतीचा खेळ मोडला नाही. तिनं खेळात नवे खेळाडू आणले.

आमचा वर्तमानपत्राचा प्रयोग

नाशिकहून मी तीन बाटल्या घेऊन पुण्याला आले. तिन्ही लाल, तिन्ही वेगळ्या किमतीच्या, त्याच साडेपाचशे, अकराशे आणि अडीच हजारांच्या घरातल्या. आम्ही सहा जण जमलो. बाटल्या वर्तमानपत्रात गुंडाळल्या आणि वर ‘क’, ‘ख’, ‘ग’ लिहिलं. (सगळे एकविशीच्या पुढचे आहेत, काळजी नसावी.)

पहिल्या फेरीत सगळ्यात स्वस्त बाटलीला तिघांनी पहिला नंबर दिला, महागडीला दोघांनी, मधलीला एकीनं. मग कागद काढले, किमती सांगितल्या आणि तासाभरानं पुन्हा चाखायला लावलं. आता सहापैकी पाच जण म्हणाले, “नाही रे, ही अडीच हजारवालीच भारी आहे. आधी नीट कळलं नव्हतं.” त्या पाचांत मीही होते. बाटल्या मीच आणल्या होत्या, तरीही!

सहा मित्रांचा खेळ म्हणजे काही शास्त्र नाही. पण असाच प्रयोग शास्त्रज्ञांनी नीट केलाय. २००८ मध्ये कॅलिफोर्नियातल्या संशोधकांनी २० जणांना मेंदूच्या स्कॅनरमध्ये झोपवून नळीतून वाईन चाखवली. सांगितलं की पाच वाईन आहेत. प्रत्यक्षात होत्या तीनच. ९० डॉलरची वाईन एकदा ९० ची म्हणून दिली, एकदा १० ची म्हणून. पाच डॉलरची एकदा पाचाची म्हणून, एकदा ४५ ची म्हणून. लोकांना ‘महाग’ वाईन जास्त आवडली. आणि ते भिडेखातर बोलत होते असंही नाही. सुखाच्या अनुभवाशी जोडलेला मेंदूचा भाग त्या वेळी खरोखर जास्त काम करताना दिसला. म्हणजे आकडा ऐकून घोट खरंच गोड लागतो.

त्याच वर्षी आणखी एक अभ्यास आला. सहा हजारांहून जास्त झाकलेल्या चाचण्यांचा. त्यात साध्या लोकांना महाग वाईन जास्त आवडते असं दिसलं नाही, उलट किंचित कमीच आवडली. वाईनचं शिक्षण घेतलेल्यांचं चित्र मात्र वेगळं निघालं.

म्हणून ‘महाग वाईन म्हणजे सगळी फसवणूक’ असंही मी म्हणणार नाही. अडीच हजारांच्या बाटलीत काहीतरी जास्तीचं होतं. घोट गिळल्यावरही चव बराच वेळ रेंगाळत होती. तोंडाला सवय झाली की ते कळतं. प्रश्न एवढाच, की साडेपाचशे आणि अडीच हजार यांच्यातले दोन हजार त्या रेंगाळण्याचेच आहेत का?

आपल्याकडे किंमत कुठून आली

आता पुन्हा महाराष्ट्रात येऊ. कारण इथल्या बाटलीची किंमत समजायला इथलाच इतिहास लागतो.

सुरुवात बंदीपासून होते. घटनेच्या ४७ व्या कलमात दारूबंदीचं मार्गदर्शक तत्त्व आहे. मुंबई प्रांताचा दारूबंदी कायदा १९४९ चा, आणि महाराष्ट्रात आजही कारभार त्याच कायद्याखाली चालतो. म्हणजे इथं वाईन जन्मली ती परवान्याच्या कागदातून.

१९८० च्या दशकात शामराव चौगुले यांनी पुणे जिल्ह्यात नारायणगावला फ्रेंच तंत्रज्ञांच्या मदतीनं फेसाळ वाईन बनवायला घेतली. ती ‘ओमर खय्याम’ नावानं परदेशातही गेली. १९८८ मध्ये कंवल ग्रोव्हर यांनी बंगळुरूजवळ नंदी टेकड्यांच्या भागात सुरुवात केली. मग नाशिक. राजीव सामंत अमेरिकेत शिकून, तिथली नोकरी सोडून परतले आणि गंगापूर धरणाजवळच्या घरच्या जमिनीत त्यांनी सोव्हिन्यॉ ब्लाँ आणि शेनिन ब्लाँ लावली. १९९९ मध्ये वायनरी, २००० मध्ये पहिली बाटली. नाव ‘सुला’, आईच्या सुलभा या नावावरून. २००५ मध्ये त्यांनी टेस्टिंग रूम उघडली. आज आपण शनिवार-रविवारी नाशिकला जाऊन पाच ग्लास ओळीनं चाखतो, ती पद्धत इथं तिथून रुजली.

पण मामांच्या बागेपर्यंत वाईन पोहोचली ती सरकारी धोरणामुळे. २००१ मध्ये महाराष्ट्रानं द्राक्ष प्रक्रिया उद्योगाचं धोरण आणलं. वाईनला उत्पादन शुल्कात सूट, परवाने सोपे, नाशिक जिल्ह्यात विंचूरला आणि सांगली जिल्ह्यात पलूसला वाईन पार्क. विचार चांगला होता: द्राक्षाला जास्तीचा बाजार मिळावा, शेतकऱ्याला खात्रीचा भाव मिळावा. काही वर्षांत राज्यात पन्नासहून जास्त वायनरी झाल्या. गावोगावी रोपं आली, करार आले.

मामांकडेही एक करार आला. किलोला ३५ रुपये, सगळा माल उचलण्याची हमी. त्या वायनरीचं नाव मी इथं घेत नाही. २००६ मध्ये दोन एकर लावले. मामा त्या वाणाला ‘कॅबरनेट’ म्हणायचे. २००८ ला पहिली तोडणी, चेक वेळेवर वटला. मामींनी त्यातून पिठाची गिरणी घेतली.

मग २००८ चा शेवट आला. जगभर मंदी. नोव्हेंबरमध्ये मुंबईवर हल्ला. परदेशी पाहुणे आटले, हॉटेलं ओस पडली, आणि वाईन सगळ्यात जास्त खपायची ती तिथंच. टाक्या भरलेल्या, बाटल्या गोदामात पडलेल्या. वायनरी जास्त आणि गिऱ्हाईक कमी, अशी अवस्था. कित्येक बंद पडल्या. नारायणगावची ती जुनी कंपनीही पुढे कर्जात बुडाली.

मामांचा २००९ चा माल उशिरा उचलला गेला आणि पैसे निम्मेच आले. २०१० ला फोनच उचलला नाही. घड वेलीवर सुकत राहिले. मामांनी एका व्यापाऱ्याला आणून दाखवलं. त्यानं मणी चावला, बी थुंकली आणि म्हणाला, “हे खाणार कोण, नाना?” मगाशी म्हटलं होतं ना लक्षात ठेवा, ते हेच. खायच्या द्राक्षाचा भाव पडला तर निदान कवडीमोलानं का होईना, विकता येतं. वाईनच्या द्राक्षाला एकच दार असतं. ते बंद झालं की संपलं.

एप्रिलमध्ये मामांनी कुऱ्हाड घेतली. असे ते एकटे नव्हते. त्या दोन-तीन वर्षांत नाशिक, सांगलीत पुष्कळांनी वाईनच्या बागा तोडल्या.

गाडीतला हिशोब

परतीच्या वाटेवर मामेभाऊ गाडी चालवत होता आणि मामा मागच्या सीटवर वहीत आकडे मांडत होते. मी जमेल तशी भर घालत होते.

एका बाटलीत पाऊण लिटर वाईन. तिला साधारण सव्वा किलो द्राक्षं लागतात. मामेभावाला आलेला भाव किलोला ४८ रुपये. म्हणजे बाटलीमागे द्राक्षाचे ६० रुपये.

आता पिंप. फ्रेंच ओकचं पिंप २२५ लिटरचं, त्यात ३०० बाटल्या भरतात. नवं पिंप आणायचं तर लाखाच्या आसपास खर्च. तीन वेळा वापरलं तर बाटलीमागे शंभर-सव्वाशे रुपये. शिवाय वर्ष-दोन वर्षं माल तळघरात पडून, म्हणजे पैसा अडकलेला. साडेपाचशेच्या बाटलीला बहुतेकदा पिंप लागतच नाही. हा फरक खरा आहे. त्यावर काच, बूच, लेबल, वाहतूक, दुकानदाराचा वाटा, कर. राज्यात वाईनवर २० टक्के व्हॅट, आणि त्यातले १६ टक्के वायनरीला परत देण्याची सरकारी योजना. ती कधी चालू, कधी थकलेली.

आणि परदेशी बाटली? तिच्यावर वर्षानुवर्षं १५० टक्के आयात शुल्क. २०२२ च्या शेवटी ऑस्ट्रेलियाशी करार लागू झाला, त्यात ते टप्प्याटप्प्यानं कमी होतंय. पण कसं, ते बघा: पाच डॉलरच्या वरच्या बाटलीला थोडी सूट, पंधरा डॉलरच्या वरच्या बाटलीला जास्त सूट. स्वस्त परदेशी वाईन मुद्दाम बाहेर ठेवलीय, आपल्या साडेपाचशेवालीला धक्का नको म्हणून. म्हणजे कुठल्या किमतीला स्पर्धा होणार, हेसुद्धा कराराच्या कागदावर ठरतं.

मामांनी वही बंद केली. “म्हणजे बाटली साडेपाचशेची असो की अडीच हजारांची, आमचे साठच.”

मामेभाऊ म्हणाला, “नाही नाना, चांगल्या प्लॉटला जास्त देतात. पण एकरी माल कमी ठेवायला सांगतात.”

इथं खरी गाठ आहे, मंडळी. भारी वाईनसाठी वेलीवर घड कमी हवेत. खायची द्राक्षं एकरी दहा टनांपर्यंत काढणाऱ्या माणसाला तुम्ही सांगता, चार-पाच टनांवर थांब. वाईन भारी होते. पण पैसे तर किलोवर मिळतात! दर्जा वाढवायचा तर शेतकऱ्याचं वजन घटतं, आणि त्या घटीची भरपाई दरात झाली नाही, तर अडीच हजारांच्या बाटलीतला जास्तीचा दर्जा फुकट दिल्यासारखा होतो.

मामेभावाची बाजूही खोटी नाही. वाईनच्या द्राक्षाला घड जीएत बुडवणं नाही, मणी विरळणी नाही, मजूर कमी, औषधं कमी. मण्याचा आकार आणि चकाकी कुणी बघत नाही. पाच टनांचे दोन लाख चाळीस हजार होतात, आणि त्याच्या हिशोबानं खर्च निम्म्यावर येतो. आज काही मोठ्या वायनरी वर्षानुवर्षं त्याच शेतकऱ्यांकडून माल घेतायत, हेही आम्ही त्या दिवशी बागांमध्ये फिरून, लोकांशी बोलून बघितलं. २०१० आणि आज यांत फरक आहे. पण टांगती तलवार गेलेली नाही. आठवा, २७ जानेवारी २०२२ ला मंत्रिमंडळानं सुपरमार्केटमध्ये वाईन विकायला मान्यता दिली. ‘शेतकऱ्याच्या हिताचं’ म्हणून एक बाजू, ‘घराघरात दारू’ म्हणून दुसरी बाजू. मोठा गदारोळ झाला आणि तो निर्णय काही अमलात आला नाही. वाईनचा बाजार एका बैठकीत मोठा होऊ शकतो आणि एका आंदोलनात अडकू शकतो. आणि वेल एकदा लावली की पंधरा-वीस वर्षं जागची हलत नाही.

मामांच्या तीन अटी

मला वाटलं होतं मामा घरी जाऊन ‘नाही’ म्हणतील. तसं झालं नाही. रात्री जेवणं झाल्यावर त्यांनी पत्र्याच्या पेटीतून २००६ चा करारनामा काढला आणि मुलापुढे ठेवला. म्हणाले, “यात भाव लिहिला होता. उचलायची तारीख नव्हती. नाही उचलला तर काय, ते नव्हतं. मी फक्त भाव वाचला.”

मग त्यांनी तीन अटी सांगितल्या. एक, साखर अमुक अंशाला पोहोचली की इतक्या दिवसांत माल उचलायचा, तारीख लेखी. दोन, नाही उचलला तरी ठरलेल्या रकमेचा काही भाग द्यायचा. तीन, एकरी माल कमी ठेवायला सांगणार असाल तर त्या हिशोबानं दर वाढवायचा.

मामेभावानं त्या कळवल्या. पहिली आणि तिसरी वायनरीनं मान्य केली. दुसरीवर अजून बोलणी चालू आहेत. मी हा भाग रेकॉर्ड करतेय तोवर सही झालेली नाही. मामा म्हणाले, “दुसरी मान्य केली तर एक एकर नाही, अर्धा लाव. नाही केली तर थॉम्पसनच बरी. पावसानं मारलं तर निदान आभाळाकडं बघता येतं.”

तर, बाटलीवर किंमत कोण लिहितं? बोर्दोत दलालांनी लिहिली. पॅरिसमध्ये नऊ परीक्षकांनी ती खोडून पुन्हा लिहिली. आपल्याकडे धोरणानं, करानं, पिंपानं आणि तुमच्या-माझ्या मेंदूनं मिळून लिहिली. ज्यानं द्राक्ष पिकवलं त्याच्या हातात लेखणी फार क्वचित आली. ती मिळालीच तर करारावर मिळते, तीही सही करण्याआधी.

पुढच्या वेळी वायनरीत गेलात तर दोन गोष्टी करा. एक, बाटल्या झाकून चाखायला मागा. काही ठिकाणी आनंदानं देतात. आवडली ती घ्या, साडेपाचशेची असली तरी लाजू नका. दुसरी, विचारा: “ही द्राक्षं कुणाची, आणि त्यांना यंदा किलोला काय मिळाले?” उत्तर मिळेलच असं नाही. पण विचारणारे वाढले तर उत्तर तयार ठेवावं लागेल.

आणि हो, प्यायल्यावर गाडी चालवू नका. आमच्यासारखा मामेभाऊ सोबत न्या.

तुमच्या घरात कुणी वाईनची द्राक्षं लावली असतील, तोडली असतील किंवा आज लावत असतील, तर मला व्हॉइस नोट पाठवा. करारात काय लिहिलं होतं तेही सांगा. मामांना ऐकवायचंय. भेटू पुढच्या भागात.